एक्केचाळीस अटी

स्वरूपाने केलेल्या पहिल्या गेममध्ये एक बाई होती, एक स्वयंपाकघर होतं आणि निळं जाकीट घातलेला एक माणूस होता. खेळणाऱ्याने बाईला चालवायचं. भात लावायचा, ताट वाढायचं, माणूस आत आला की त्याच्याशी बोलायचं किंवा गप्प राहायचं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा माझी बाई अकरा सेकंदांत खाली पडली. माणसाने प्रेसचं दार तिच्या डोक्यावर आदळलं होतं. प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट. आयर्लंडमध्ये सगळे प्रेसच म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. पडद्यावर लाल ठिपके उडाले आणि खाली मराठीत अक्षरं आली: 'तू मला हे करायला लावतेस.'

मी हसले. हो, हसले! आता सांगताना जीभ जड होते, पण खोटं कशाला बोलू? मला वाटलं, काय डोकं आहे पोरीचं! ते निळं जाकीट मी दर दिवाळीला स्टेजवर माइकसमोर बघत होते, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

मी विजयालक्ष्मी. सगळे विजूताई म्हणतात. आयर्लंडमधल्या नावन गावात येऊन मला चौदा वर्षं झाली. मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. स्वरूपा आमच्याच इस्टेटमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, चार घरं सोडून राहते. मूळची चिंचवडची, एकतीस वर्षांची. लग्नाआधी हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टर होती, आणि चांगली होती म्हणे. तिचा नवरा परेश डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला औषधांच्या कंपनीत इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन परेश करणार, पन्नास माणसांचं मटण परेश शिजवणार, कुणाचे आईवडील आले की एअरपोर्टवर गाडी घेऊन परेशच जाणार. 'पोरगा म्हणजे सोनं आहे,' असं मीच चारचौघांत म्हटलेलं आहे. आग लागो माझ्या तोंडाला.

स्वरूपा सगळीकडे त्याच्या दोन पावलं मागे असायची. लांब बाह्या, बंद गळा, विचारलं तेवढंच उत्तर. आम्ही बायकांनी ठरवून टाकलं होतं की ही शिष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वरच्या प्रेसमधून ताटल्या काढायला तिने हात उंच केला आणि बाही कोपरापर्यंत घसरली. दंडावर चार बोटं उमटलेली होती, निळीजांभळी. मी तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "तो जरा चिडला होता." आणि मी, क्वालिटीतली शहाणी, काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "दमून येतात गं ही माणसं. मूड बघून बोलत जा ना जरा." तिने मान हलवली. मी तिच्या हातावर जास्तीचा तिळगूळ ठेवला आणि बाकीच्यांना कुंकू लावायला गेले.

या वर्षी मे महिन्यात लायब्ररीत कागद लागला. व्हिडिओ गेम कसा बनवायचा, अगदी पहिल्यापासून, सहा शनिवार, सकाळी दहा ते बारा, फुकट. मी नाव घातलं ते निव्वळ रागाने. माझी निहारिका चौदा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये, आणि गेमबद्दल काही विचारलं की एकच ऐकवते, "मॅम, यू वुडंट गेट इट." म्हटलं, थांब, तुला दाखवते मला काय समजतं ते! एका शनिवारी तो कागद हातात घेऊन मी घराकडे येत होते तेव्हा स्वरूपा तिच्या फाटकात उभी होती. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "ताई, मी येऊ?" चार वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

परेशला विचारावं लागलं. तो मनापासून हसला. "विजूताई नेणार असतील तर प्रश्नच नाही. जा, खेळा भातुकली." शनिवारी तो त्याच्या मित्राच्या, आकाशच्या गाडीतून बॅडमिंटनला जायचा. जाताना स्वरूपाला पुढच्या दाराची एक किल्ली काढून द्यायचा आणि आला की परत घ्यायचा. बाकी जुडगा घरातल्या जीन्सच्या खिशात. एरवी तो कामावर गेला की पुढचं-मागचं दोन्ही दारं बाहेरून बंद. चोऱ्या फार होतात, असं तो सांगायचा. आमच्या इस्टेटमध्ये चौदा वर्षांत एक सायकल चोरीला गेली आहे.

शिकवणारा डेक्लन नावाचा टकला, जाडजूड, पन्नाशीचा नावनचाच माणूस. कशालाही "ग्रँड" म्हणायचा. पहिल्या शनिवारी कॉम्प्युटर उघडूच दिला नाही त्याने. कागद, फासे आणि शर्टाची बटणं. बटण म्हणजे खेळणारा. त्याला काहीतरी हवं असतं, मधे काहीतरी आडवं येतं, आणि दोघांनाही नियम लागू असतात. झाला गेम. मी एक गाय केली, तिला नावनचा राउंडअबाउट ओलांडायचा होता. डेक्लन म्हणाला ग्रँड. दुसऱ्या शनिवारी कॉम्प्युटरवर ठोकळ्याला ठोकळा जोडून माझी गाय चालायला लागली, तीन वेळा उलटी चालली, पण चालली. स्वरूपाची बाई पहिल्या झटक्यात सरळ चालली. तिची बोटं कीबोर्डवर पडली की ती वेगळीच दिसायची, खांदे खाली यायचे.

तिसरा शनिवार शत्रूचा. डेक्लन म्हणाला, "शत्रूला उगाच मारू द्यायचं नाही. तो कधी मारतो याची अट लिहायची. खेळणारा चार वेळा मार खाईल, पाचव्या वेळी त्याला अट कळेल आणि तो वाचेल. तिथेच मजा आहे." मी गाडीवाल्याला एक अट दिली: गाय रस्त्यात आली तर हॉर्न. स्वरूपाने पर्समधून एक छोटी वही काढली आणि बारा वाजेपर्यंत मान वर केली नाही. अट, अट, अट. मी विचारलं, किती लिहिणार आहेस? ती म्हणाली, "एक्केचाळीस आहेत ताई."

चौथ्या शनिवारी एकमेकांचे गेम खेळून बघायचे होते. तेव्हाच ते अकरा सेकंदांचं घडलं आणि मी हसले. मग मी पुन्हा खेळले. भात मऊ केला: माणसाने बाईच्या कानाखाली मारली. मोकळा केला: ताट फेकून मारलं. तो आल्या आल्या बोलले: गळा धरून भिंतीवर आपटलं. गप्प राहिले: "तोंड शिवलंय का?" आणि पोटात लाथ. स्वयंपाकघराच्या उजवीकडे हॉट प्रेस होता. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपाट असतं, त्यात कपडे वाळवतात, त्याला हॉट प्रेस म्हणतात. मी बाईला त्यात लपवलं. माणसाने दार उघडलं, केस धरून तिला बाहेर ओढलं आणि डोकं टाकीवर आपटलं. आता मला हसू येत नव्हतं. 

डेक्लन खुर्ची ओढून बसला. "मी बघतो." चौदा वेळा खेळला, चौदा वेळा मेला. मग टक्कल खाजवत म्हणाला, "तुझा शत्रू बिघडलाय. मी काहीही केलं तरी मारतो. बग आहे."

स्वरूपाला हे लागलं. टेस्टरला कुणी बग आहे म्हणावं? ती एकदम तावातावाने बोलायला लागली. "बग नाहीये. प्रत्येक वेळेला कारण आहे. मी लिहून ठेवलंय." आणि तिने वही त्याच्यासमोर उघडली, विसरूनच गेली की ती मराठीत आहे. डेक्लनला त्यातलं ओ की ठो कळणार नव्हतं. मला कळलं.

टेस्टर बग शोधतात तेव्हा लिहितात ना, तशी ती वही होती. आधी काय काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. बारीक, नेटकं अक्षर. 'भात मऊ. डावा कान, दोन दिवस ऐकू आलं नाही.' 'भात मोकळा. ताट, भुवई फुटली, तीन टाके, जिन्यावरून पडले असं सांगितलं.' 'आईचा फोन दहा मिनिटांपेक्षा जास्त. फोनचा चार्जर, पाठ.' 'त्याच्या आईचा फोन घेतला नाही. माझ्या आईशी भांडून मला बदनाम करतेस का, म्हणून बरगडी.' तारखा होत्या. चार वर्षांच्या. पोरीने नवरा मारतो म्हणून रडत बसण्याऐवजी चार वर्षं त्याचा बग शोधला होता. नेमकं कशाने होतं ते सापडलं की ते करायचं नाही, म्हणजे होणार नाही. इतका सरळ हिशोब होता तिचा. मी पान उलटलं. सतरावी अट: 'विजूताई म्हणाल्या, मूड बघून बोल. मूड बघितला. बघतेस काय, म्हणून चटका, इस्त्री.'

मी ती ओळ तीनदा वाचली. 

डेक्लन तिकडे आपल्याच नादात होता. त्याने पडद्यावर एक्केचाळीस अटी खालीवर सरकवल्या आणि म्हणाला, "हे बघ. बोललं तर मारतो, न बोललं तर मारतो. बाहेर असलं तर मारतो, लपलं तरी मारतो. मग उरलं काय? या सगळ्या काढून टाक. नुसतं एवढंच लिही, की तो मारतो. गेम अगदी तसाच चालेल." आणि त्याने खरंच एक्केचाळीस ठोकळे उचलून बाजूला टाकले. एकच ठेवला. चालू केला. माणूस आला, बाई पडली. माणूस आला, बाई पडली. काडीचाही फरक नव्हता.

 स्वरूपा हळूच म्हणाली, "तुम्ही परत चालवा." त्याने परत चालवला. सहा-सात वेळा तिने बघितलं असेल. डेक्लनचं लक्ष मग तिच्या चेहऱ्याकडे गेलं, माझ्याकडे गेलं, आणि त्या चांगल्या माणसाने माऊसवरचा हात काढला. पडद्याकडेच बघत म्हणाला, "या गेममध्ये खेळणाऱ्याची काही चूक नाही. त्याला बाहेर पडायला वाट द्यायला हवी, बस."

गाडीत बसल्यावर मी काय विचारावं? चार शब्द बोलायचे तर मी म्हटलं, "पण कशावरून मारतो गं तो?" ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. म्हणाली, "ताई, आत्ताच बघितलंत ना?" मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, तीच मला टिश्यू देत होती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल, गार्डांना फोन करू. गार्डा म्हणजे इथले पोलीस. ती म्हणाली, "एक शनिवार द्या. पासपोर्ट काढून घेते. आणि मला मागच्या दाराची किल्ली करून द्याल?"

पाचव्या शनिवारी डेक्लन कुलूप आणि किल्ली शिकवत होता. गेममधल्या बंद दाराची किल्ली गेममध्येच कुठेतरी ठेवायची, खेळणाऱ्याच्या हाताला लागेल अशी. स्वरूपा स्वयंपाकघराला डावीकडे दार घालत होती, आणि मी तिने जुडग्यातून काढून आणलेली खरी किल्ली घेऊन शॉपिंग सेंटरमध्ये चपला दुरुस्त करणाऱ्याकडे उभी होते, इथे किल्ल्याही तोच करतो. दहा मिनिटांत दुसरी झाली. तिने ती तांदळाच्या डब्यात तळाशी घातली. पासपोर्ट मात्र त्याच्या ऑफिसच्या बॅगेत होता. सोमवारी तो बॅग न घेता जिमला जातो, तेव्हा काढते म्हणाली.

सोमवार आलाच नाही. रविवारी दुपारी परेशने स्वरूपाचा लॅपटॉप उघडला, गेम त्यावरही होता. पुढचं तिने मला आणि गार्डांना सांगितलं तसंच सांगते.

त्याला आधी गंमत वाटली. "बघू, काय भातुकली केलीत," म्हणत त्याने गेम चालू केला. निळं जाकीट दिसलं, हसला. बाई पडली, हसला. मग ती अक्षरं आली, 'तू मला हे करायला लावतेस.' हसणं थांबलं. पण उठला नाही. पुन्हा खेळला. त्याला जिंकायचं होतं! भात मऊ लावून बघितला, मोकळा लावून बघितला, बोलून, गप्प राहून. डावीकडे एकदाही गेला नाही. वीसेक वेळा मेल्यावर त्याचा चेहरा लाल झाला आणि तो म्हणाला, "चुकीचं आहे हे. मी असा उगाच मारत नाही. उगाच मारलंय कधी? सांग!" स्वरूपाने गेम बंद करायला कीबोर्डवर हात ठेवला, तो काढायच्या आत त्याने लॅपटॉपचं झाकण तिच्या बोटांवर आपटलं. "सांग, उगाच मारलंय?" दुसऱ्यांदा आपटलं. मग मनगट धरून उलटं पिरगळलं. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला, असं ती म्हणाली. ती खाली पडली तेव्हा त्याने लॅपटॉप उचलून तिच्या खांद्यावर मारला, तो फुटला, तर उरलेल्या अर्ध्याने पाठीवर मारलं. दर फटक्याला तोच प्रश्न, "उगाच मारतो का मी? उगाच मारतो का?" मग दमला आणि पाणी प्यायला सिंककडे वळला.

तेवढ्यात तिने डाव्या हाताने तांदळाचा डबा खाली ओढला. तांदूळ सगळीकडे. किल्ली सापडली. मागचं दार उघडलं आणि ती घराच्या कडेने पुढे पळाली.

मी तेव्हा आमच्या घरासमोर गाडीतून सामान काढत होते. निहारिकाची कमोगीची मॅच होती. बायकांचा हर्लिंगचा खेळ तो, रुंद तोंडाची लाकडी काठी घेऊन खेळतात, त्या काठीला हर्ली म्हणतात. इस्टेटच्या मधल्या हिरवळीवर स्वच्छ ऊन होतं, कुणीतरी गवत कापत होतं. निहारिका किंचाळली, "मॅम! युअर मॅन हॅज हर बाय द हेअर!" इथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणजे 'तो माणूस'. मी वळले. स्वरूपा हिरवळीवर पालथी पडली होती, पायांत चपला नाहीत, उजवा हात भलत्याच दिशेला वळलेला. परेशने तिचे केस मुठीत धरले होते आणि तो तिला गवतावरून घराकडे फरफटत नेत होता. मला बघून तो थांबला आणि, देवाशपथ सांगते, त्याने निवेदन करायच्या आवाजात म्हटलं, "विजूताई, काही नाही, जरा घरगुती आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निहारिकाच्या हातातली काठी मी कधी घेतली मला आठवत नाही. पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर बसला. त्याने केस सोडले आणि माझ्या अंगावर आला, त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली, ओठ फाटला, एक दात अजून हलतो. दुसरा फटका मी त्याच्या कोपरावर मारला आणि तो गवतावर बसला. तिसरा मी डोक्यावर मारणार होते. खरंच मारणार होते, उचलली होती काठी. स्वरूपाने माझा पाय धरला. "ताई, बास. आपण बाहेर आलोय."

गवत कापणाऱ्या शेजाऱ्याने गार्डांना फोन केला होता. मी मारलं तेही लिहून दिलं, दोन फटके, हर्लीने. लपवायचं काय त्यात?

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, दोन बोटं चेचली होती. कोर्टाने परेशला घराबाहेर काढलं, पण पहिला हुकूम थोड्या दिवसांचा असतो. पुढच्या गुरुवारी मोठ्या हुकुमासाठी हजर राहायचं होतं. तो आकाशकडे राहायला गेला आणि मंडळातले फोन सुरू झाले. एकेकीचा आवाज गोड. "वाईट झालं गं, पण नेमकं कशावरून झालं?" "तू काही बोललीस का त्याला?" मी माझ्या फोनवर दोघींना अशा शिव्या घातल्या की त्यांनी माझं नाव टाकलंय. पण स्वरूपाचं मन डळमळायला लागलं होतं, हे मला दिसत होतं. मंगळवारी मी गेले तर टेबलावर ती वही उघडी होती. डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलेलं: 'बेचाळीस. त्याच्यावर गेम केला.'  ती परत कारण शोधायला लागली होती. कारण सापडलं तर ती त्याला परत घेणार, आणि पुढच्या वेळी मनगटावर भागणार नव्हतं.

त्यातच परेशची आई आली. गणपतीसाठी व्हिसा आधीच काढलेला होता, तिकीट अलीकडे घेतलं. प्रभाकाकू कराडकडच्या, सत्तरीच्या, नऊवारी आणि त्यावर मुलाचा जाड कोट. त्या स्वरूपाला भेटायला आल्या तेव्हा मी मुद्दाम बसून राहिले. म्हटलं, एक शब्द वाकडा बोलू दे ही बाई. त्यांनी स्वरूपाचं प्लास्टर बघितलं, डोळे टिपले आणि म्हणाल्या, "नवरा-बायकोत हुतंय आसं. येवढं कोर्टाचं मागं घे बाई. पोरगं वाईट न्हाई माझं. तू काय केलंस तरी काय, त्याचा हात उठावा आसं? काय तरी झालं आसंलच की."

मी तोंड उघडणार तोच स्वरूपा उठली. तिने माझा जुना लॅपटॉप आणला. तिचा फुटला होता, पण गेमची कॉपी डेक्लनकडे होती, ती त्याने स्वतः आणून दिली होती. तिने लॅपटॉप काकूंसमोर ठेवला. "आई, तुम्हीच बघा मी काय करायला हवं होतं ते. ही बाई म्हणजे मी. चार बटणं आहेत. वर, खाली, इकडे, तिकडे. इथे भात आहे, इथे ताट. तो आत्ता येईल."

"मला न्हाई येत बाई आसलं," काकू म्हणाल्या, पण बोट ठेवलं. बाई थोडी अडखळत चालली. मी आता भात लावतील म्हणून बघत होते. मी लावला होता, डेक्लनने लावला होता, खुद्द परेशने वीस वेळा लावला होता. गेममध्ये बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येतो. तो आवाज आला, आणि काकूंनी भाताकडे, ताटाकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाईला सरळ उजवीकडे नेलं आणि हॉट प्रेसमध्ये घातलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की तिथे लपता येतं.

मग पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या काहीतरी शोधायला लागल्या. "हिला आतनं कडी कुठं हाय?"

"कडी नाही, आई."

"आसं कसं?" काकू चिडल्यासारख्या म्हणाल्या. "आमच्या कोठीच्या खोलीला आतनं कडी हुती. मीच बसवून घेतलेली, परेशच्या येळंला दिवस गेल्यावर." आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. हात तसाच बटणावर राहिला. पडद्यावर माणसाने हॉट प्रेसचं दार उघडलं, बाईला बाहेर ओढलं, लाल ठिपके उडाले. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि खांदे कानापर्यंत वर केले. सत्तर वर्षांची बाई, कॉम्प्युटरसमोर बसून डोकं वाचवत होती.

मी तोंडात घोळवलेल्या सगळ्या शिव्या गिळल्या. स्वरूपा त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. तिने गेम पुन्हा चालू केला, आपला डावा हात काकूंच्या हातावर ठेवला. "आई, डावीकडे चला. डावीकडे दार आहे. आधी नव्हतं, मी नंतर घातलंय."

बाई स्वयंपाकघर ओलांडून डावीकडे गेली. किल्ली तांदळाच्या डब्यात होती, ती काढायला काकूंना बराच वेळ लागला. गाडी थांबली, माणूस आत आला, पण बाई दारापलीकडे गेली होती. तिथे नुसता हिरवा रंग होता. घर नाही, झाड नाही, काही नाही. काकूंनी बाईला त्या हिरव्यात थोडं पुढे नेलं, थोडं मागे आणलं, आणि विचारलं, "आता हितं काय करायचं?"

"तिथलं अजून केलेलं नाही, आई," स्वरूपा म्हणाली. "गुरुवारी कोर्टात जाऊन आले की करीन."

 काकूंनी अंगावरचा मुलाचा कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मी येते तुज्यासंगट."